गावाकडच्या कलावंत-लेखकांसाठीची छोटी अनुदानं: कुठली कामाची, कुठे अडतात

तमाशाचा फड, दशावतारी मंडळ, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतली नाटक मंडळी, तालुक्याच्या गावी राहून लिहिणारे लेखक या सगळ्यांना शिकण्यासाठी, रियाजासाठी किंवा पहिलं पुस्तक काढण्यासाठी सरकारी योजनांतून छोट्या रकमा मिळतात. बहुतेक महिना दीड हजारापासून वीस हजारांपर्यंत. यातली कुठली योजना खरोखर उपयोगी पडते, कुणी कशासाठी अर्ज करावा आणि तो कुठे अडकतो, याचा हा आढावा.

आधी एक गोंधळ दूर करू. 'कलावंतांचं मानधन' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. तिथे पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीप्रमाणे ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत, २०२४ पासून सरसकट ५,००० रुपये महिना झाले. ही वाढ फार गरजेची होती. पण तिथे वयाची पन्नाशी लागते, पंधरा वर्षांचं काम लागतं आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत असावं लागतं. ज्याने आयुष्य कलेत घातलं त्याच्या उतारवयासाठी ते मानधन आहे. शिकण्याचा पैसा वेगळा, आणि आपण बोलणार आहोत तो त्याबद्दल.

तरुण कलावंत शिष्यवृत्ती

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची ही योजना सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे दिल्लीतल्या द्वारकेची सीसीआरटी, चालवते. वय १८ ते २५. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. देशभरातून वर्षाला ४०० पर्यंत जणांना मिळते. शास्त्रीय संगीत, नृत्य, नाटक, मूकाभिनय, दृश्यकला, सुगम शास्त्रीय यांच्या जोडीला लोककला आणि पारंपरिक कला हा स्वतंत्र विभाग आहे. लोकनाट्य, लोकसंगीत, लोकनृत्य, बाहुल्यांचा खेळ हे सगळं त्यात बसतं. पिंगुळीतली कळसूत्री बाहुली किंवा संबळ शिकणाऱ्या मुलाने शास्त्रीयच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. नाटकाच्या विभागात मात्र एक अट हमखास नजरेतून सुटते: अभिनय, दिग्दर्शन चालतं, नाट्यलेखन आणि संशोधन चालत नाही. एकांकिका लिहिणाऱ्याने इथे वेळ घालवू नये.

छोट्या रकमांमध्ये ही सगळ्यात चांगली योजना आहे, असं आमचं स्पष्ट मत. कारण पैसा शिकणाऱ्याच्या नावाने येतो, मध्ये संस्था नाही, आणि तो राहणं, प्रवास, पुस्तकं, साहित्य, गुरूची फी यांपैकी कशावरही खर्च करता येतो. संस्था नोंदवा, लेखापरीक्षण करा, मग मागा, ही कटकट नाही. कुडाळची मुलगी आठवड्यातून दोनदा एसटीने सावंतवाडीला गाणं शिकायला जात असेल, तर मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे तिचे पाच हजार मुलाच्या पाच हजारांपेक्षा थोडे लांब जातात.

मात्र 'महिना ५,०००' वाचून महिन्याच्या एक तारखेची वाट पाहू नये. पैसे सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत येतात, म्हणजे एका वेळी ३०,०००. पहिला हप्ता निवड, कागदपत्रं आणि बंधपत्र हे सगळं पार पडल्यावर. पुढचे हप्ते सहामाही अहवाल आणि गुरूचं प्रमाणपत्र पोचल्यावर. अहवाल उशिरा गेला की हप्ता उशिरा, इतकं सरळ आहे. ज्यांच्या घरात साठवण नाही त्यांची कोंडी इथेच होते: पहिल्या सहा महिन्यांत शिकायचं, पण पदरचे पैसे घालून. म्हणून पहिला हप्ता हातात आला की तो पुढच्या सहा महिन्यांसाठी आहे असं धरून वेगळ्या खात्यात ठेवावा. त्यातून नवी ढोलकी किंवा हार्मोनियम घेऊन मोकळं झालं की पुढचा प्रवासखर्च थांबतो आणि शिक्षण तिथेच अडकतं. वाद्य घ्यायचंच असेल तर दुसऱ्या हप्त्यात, सहा महिन्यांचा खर्च किती येतो याचा अंदाज आल्यावर.

अर्ज बाद होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे गुरूचं प्रमाणपत्र. गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिक्षण झालेलं असावं, अशी अट आहे. शास्त्रीय गायकाच्या गुरूकडे लेटरहेड असतं, परीक्षांची गुणपत्रकं असतात. तमाशात मुलगा फडातच वाढतो, दशावतारात पोर आधी आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, छोट्या भूमिका करतं आणि मग आख्यानात उतरतं. तिथे 'प्रवेश दिनांक' कोण लिहून ठेवतो? मग फडमालक चार ओळींचा दाखला देतो: 'सदर मुलगा आमच्याकडे शिकत असून त्याची वर्तणूक चांगली आहे.' हा दाखला शाळा सोडल्याचा वाटतो, शिक्षणाचा नाही. त्यात काय हवं? कोणत्या वर्षी कोणत्या महिन्यापासून शिक्षण सुरू आहे. हंगामात आणि हंगामाबाहेर आठवड्याला किती दिवस. काय शिकवलं, तेही नेमकं: गण, गौळण, बतावणी, वगातली कुठली भूमिका, ढोलकीचे कुठले ठेके, किंवा आख्यानातली युद्धाची पावलं, पदं, तलवार धरायची पद्धत. शेवटी गुरूची स्वतःची ओळख सात-आठ ओळींत, सही, मोबाईल नंबर. सोबत हिंदी भाषांतर जोडावं. छाननी करणाऱ्याला दशावतारातला संकासुर माहीत असेलच असं नाही, आणि प्रमाणपत्राच्या जोरावर निवड व्हायची तर त्याला ते कळलं पाहिजे.

दुसरं कारण नाव. हँडबिलवर 'बाळू', आधारवर पूर्ण नाव, बँक पासबुकात वडिलांचं नाव पुढे, दहावीच्या सनदेत आडनावाची वेगळी मात्रा. रंगमंचावरचं नाव आणि कागदावरचं नाव एकाच माणसाचं आहे, असं प्रतिज्ञापत्र अर्जाआधीच करून ठेवावं. खातं आधारशी जोडलेलं आहे की नाही, तेही बँकेत जाऊन विचारावं. निवड झाली आणि पैसे परत गेले, यासारखं वाईट काही नाही.

निवडीत तज्ज्ञांसमोर सादरीकरण असतं. वेळ थोडा, समितीत मराठी न येणारे असणारच. दशावताराला लिखित संहिता नसते, संवाद जागच्या जागी सुचतात, आणि तीच त्याची ताकद. पण दिल्लीतल्या समितीपुढे लांबलचक संवाद वाया जातो. प्रवेशाची चाल, युद्धनृत्याचा एक तुकडा आणि एखादं पद असा क्रम ठेवला तर अंगातली तयारी भाषेशिवाय कळते. ढोलकीवाल्याने आधी लावणीची साथ वाजवून दाखवावी, मग स्वतंत्र वादन. साथीला दुसरा वादक लागणार असेल तर तो स्वतः न्यायचा का, त्याचा खर्च कुणाचा, हे बोलावण्याच्या पत्रात शोधावं. 'तुझ्या कलेचं वैशिष्ट्य काय' या प्रश्नाला हिंदीत दोन मिनिटांचं उत्तर तयार हवं. पाठ केलेलं नको, सरावलेलं हवं.

बंधपत्र निवडीनंतर येतं. हंगामात एखाद्या मोठ्या फडाची सुपारी आली म्हणून शिक्षण मध्येच सोडलं तर काय होतं, याच्या अटी त्यात असतात. त्या वाचून, घरच्यांना वाचून दाखवून मग सही करावी.

याच केंद्राची १० ते १४ वयाच्या मुलांसाठीही एक शिष्यवृत्ती आहे. तिच्या काही जागा परंपरेने कला जपणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांसाठी राखीव असतात. गोंधळी, वासुदेव, चित्रकथी घरांतल्या शाळकरी मुलांसाठी हे दार खूप मोलाचं आहे, आणि शाळेतल्या शिक्षकांनी त्याकडे लक्ष द्यायला हवं. फॉर्म भरायला आईवडिलांना वेळ आणि इंटरनेट, दोन्ही क्वचितच असतं.

गुरू-शिष्य परंपरा: दोन योजना, एकच नाव

नाव एकच असल्यामुळे लोक हमखास चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात.

पहिली योजना विभागीय सांस्कृतिक केंद्रांची. महाराष्ट्र नागपूरच्या दक्षिण मध्य केंद्रातही येतो आणि उदयपूरच्या पश्चिम केंद्रातही, गोवा उदयपूरकडे. इथे गुरूला महिना ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि प्रत्येक शिष्याला १,५०० रुपये, सहा महिने ते फार तर वर्षभर. एक गुरू, एक साथीदार, चार शिष्य धरले तर महिन्याला १७,२५० रुपये, सहा महिन्यांचे १,०३,५००. रक्कम लहान, पण लुप्त होत चाललेल्या कलांसाठी हीच योजना सगळ्यात योग्य, कारण शिकवणं गावातच होतं. खडीगंमत हे विदर्भातलं लोकनाट्य शिकायला नागपूर शहरात जायचं नाही. गुरूच्या ओसरीवर बसायचं, आणि साथीदारालाही पैसे मिळतात, जे बाकी बहुतेक योजना विसरतात. तुणतुण्याशिवाय गौळण शिकवता येत नाही, हे ज्याने ही योजना आखली त्याला कळलेलं दिसतं.

दोष शिष्याच्या दीड हजारात आहे. अठरा-वीस वर्षांचा मुलगा रोज दोन तास बसणार, म्हणजे तेवढी मजुरी सोडणार. धानाची रोवणी चालू असताना दीड हजार महिना हा आकडा घरच्यांना पटवता येत नाही. त्यामुळे शिष्यांच्या यादीत नावं भरतात, हजेरीपटावर सह्या भरतात आणि ओसरीवर दोघंच असतात. गुरूने शिष्य निवडतानाच घरच्यांशी बोलून दिवस ठरवावेत आणि हजेरी त्या दिवशीच लिहावी. तपासणीला कुणी आलं आणि सहा महिन्यांच्या सह्या एकाच शाईच्या दिसल्या, तर पुढच्या वर्षी त्या गावाला काहीच मिळत नाही.

दुसरी योजना थेट संस्कृती मंत्रालयाची, 'रेपर्टरी ग्रँट' म्हणून ओळखली जाणारी. गुरूला महिना १५,०००, आणि शिष्याला वयाप्रमाणे २,००० ते १०,०००. अठरा पूर्ण झालेल्याला सगळ्यात वरची रक्कम. म्हणजे शिष्याच्या हातात विभागीय केंद्राच्या दीड हजाराच्या सहापटीहून जास्त. मग सगळे इकडेच का येत नाहीत? कारण अर्ज व्यक्तीचा नाही, संस्थेचा. नोंदणीकृत संस्था, निती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, संस्थेचं पॅन, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, सादरीकरणांचे पुरावे, आणि पैसे खर्च झाल्यावर सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र. दशावतारी मंडळं बहुतेक मालकीची, फडही मालकीचे. त्यांच्यात नोंदणीकृत संस्था कमी. ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांनी आधी संस्था नोंदवून तीन वर्षं स्वच्छ हिशोब ठेवावा, आणि मगच अर्जाचं पाहावं. सुपारीचे पैसे रोख येत असले तरी पावतीपुस्तक ठेवावं, बँकेत भरावेत. जत्रेच्या कमिटीकडून छापील पावती मिळत नाही असं म्हणतात. आपल्याच पावतीवर कमिटीच्या खजिनदाराची सही घेतली तरी कागद तयार होतो.

उपयोगिता प्रमाणपत्रात चुका ठरावीकच होतात: मंजूर रक्कम आणि मिळालेली रक्कम एकच समजणं, बँकेतलं व्याज न दाखवणं, मंजुरीपत्राचा क्रमांक चुकवणं. तालुक्यातल्या सीएने सांस्कृतिक अनुदानाचा हा नमुना पाहिलेला असेलच असं नाही. केंद्र सरकारचा नमुना १२-अ छापून सोबत न्यावा.

पंचविशी ते पन्नाशी, मोकळं रान

आता या सगळ्याची वयं शेजारी शेजारी मांडून पाहा. शिष्यवृत्ती २५ व्या वर्षी संपते. विभागीय केंद्रांकडून तरुण प्रतिभावंतांना मिळणारं १०,००० रुपयांचं बक्षीस १८ ते ३० साठी. मानधन ५० नंतर. मधल्या वयासाठी केंद्र सरकारची फेलोशिप आहे: २५ ते ४० वयाला कनिष्ठ, महिना १०,०००, चाळिशीनंतर वरिष्ठ, महिना २०,०००, दोन वर्षं, दोन्ही मिळून ४०० पर्यंत जागा. आकडे मोहात पाडतात. पण ती संशोधनासाठी आहे. प्रशिक्षण, कार्यशाळा, परिसंवाद, आत्मचरित्र, कथा-कादंबरी यांसाठी नाही, हे तिच्या अटींतच लिहिलेलं आहे.

बत्तीस वर्षांचा सोंगाड्या, जो आज फडाचा कणा आहे, ज्याला आवाजाची निगा शिकायची आहे, प्रकाशयोजना समजून घ्यायची आहे, केरळात जाऊन महिनाभर कुडियाट्टम पाहायचं आहे, त्याच्यासाठी नावानिशी काहीही नाही. तीन आठवड्यांच्या शिकण्याला पंचवीस-तीस हजार रुपये, साधा दोन पानांचा अर्ज, दोन महिन्यांत निर्णय, अशी योजना महाराष्ट्राने सुरू करायला हवी. कला टिकते ती याच वयातल्या लोकांच्या अंगावर. त्यांना आपण काहीच देत नाही, हा या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा दोष आहे.

तोवर या वयाने काय करावं? फेलोशिपचा विचार करायचाच असेल तर तो प्रयोगाशी जोडलेल्या संशोधनाचा करावा. 'मला दशावतार पुढे न्यायचा आहे' हा विषय होत नाही. 'दशावतारातल्या पखवाजाचे ठेके आणि पात्रांच्या चाली यांचा संबंध, पाच मंडळांच्या ध्वनिमुद्रणांवरून' हा होतो. विषयाला हद्द हवी, पद्धत हवी आणि दोन वर्षांनी हातात काय असेल ते लिहिलेलं हवं. प्रस्ताव एकट्याने लिहायला जमत नसेल तर जवळच्या महाविद्यालयातल्या मराठीच्या प्राध्यापकांसोबत लिहावा, मात्र अर्ज कलावंताच्याच नावाने राहू द्यावा.

सरकारबाहेर बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आहे, १९९३ साली स्थापन झालेली. कलासंशोधन आणि कलाव्यवहार या दोन्हींसाठी ती अनुदान देते, आणि अर्ज इंग्रजीखेरीज भारतीय भाषांतही चालतो. मराठीत विचार करणाऱ्याला मराठीतच प्रस्ताव लिहिता येणं ही फार मोठी सोय आहे. तिथे विषयाची धार पाहिली जाते, दाखल्यांची जाडी नाही.

लेखकांसाठी

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना ही खेड्यातल्या लेखकासाठी खरी पहिली पायरी. मंडळ १९६० सालचं, पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला हे अनुदान मिळतं. कविता, कथा, कादंबरी, नाटक-एकांकिका, बालवाङ्मय आणि ललित, चरित्र, प्रवासवर्णन अशा गद्याला. जाहिरात साधारण जानेवारीत येते.

'एकही पुस्तक नाही' ही अट नीट वाचा. तालुक्यात पंधरा-वीस हजार घेऊन शंभर प्रती छापून देणारे भेटतात, प्रकाशन सोहळाही लावून देतात. त्या शंभर प्रतींनी ही योजना कायमची हातची जाते. घाई असेल तर मासिकांत छापावं, दिवाळी अंकांत पाठवावं, पुस्तक थांबवावं.

हस्तलिखिताबाबत तीन गोष्टी. जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की खिचडी होते, म्हणून युनिकोडमध्येच करून घ्या आणि छापलेली प्रत अथपासून इतिपर्यंत वाचा. पानसंख्येच्या मर्यादा त्या वर्षीच्या पत्रकात प्रकारानुसार दिलेल्या असतात. त्या ओलांडल्या तर मजकूर कितीही चांगला असला तरी छाननीतच अडकतो. आणि अहिराणी, मालवणी किंवा झाडीबोलीत लिहिलं असेल तर शेवटी दोन पानांची शब्दसूची जोडा. बोली सौम्य करून प्रमाण मराठीत ओढू नका, ती आहे तशीच ठेवा आणि परीक्षकाला आत यायला वाट द्या.

योजनेतली उणीव अशी की ती पुस्तक देते, लेखकाला वेळ देत नाही. लिहून झालेल्याला मदत आहे, लिहीत असलेल्याला नाही. नॅशनल बुक ट्रस्टची २०२१ पासूनची युवा लेखक योजना ही उणीव थोडी भरते: तिशीच्या आतल्यांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये, मार्गदर्शक, पुस्तकावर १० टक्के स्वामित्वधन, आणि मराठीतही लिहिता येतं. पण पहिल्या फेरीत देशभरातून ७५ जागा होत्या, २०२५ च्या तिसऱ्या फेरीत ५०, आणि तिचे तिन्ही विषय ललितेतर होते. कवी आणि कथाकाराला तिथे जागा नव्हती.

साहित्य अकादेमी तरुण लेखकांना दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात जाण्यासाठी प्रवास-अनुदान देते. त्याची चर्चा गावाकडे जवळजवळ होतच नाही. सिंधुदुर्गात नाटक लिहिणाऱ्याने कर्नाटकाच्या किनाऱ्यावर जाऊन यक्षगान पाहावं, तिथल्या नाटककारांना भेटावं, यासाठी ते नेमकं आहे. चौकशी मुंबईत दादरच्या कार्यालयात करता येते. अर्जात 'फिरायचं आहे' असं नको. कुठल्या गावी, कुणाला भेटायला, परतल्यावर काय लिहायला, हे हवं.

हंगाम आणि तारखा

तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, पाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या पडतात. दशावतार कार्तिकापासून वैशाखापर्यंत. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर मंडईसोबत, म्हणजे तिकडच्या गावजत्रांसोबत, सुरू होऊन होळीच्या आसपास थांबतात. अर्जाची जाहिरात, मुलाखत, सादरीकरण यांतलं काही ना काही याच महिन्यांत येतं आणि कलावंत तेव्हा रात्री खेळात, दिवसा ट्रकमध्ये असतो. मंडळातल्या ज्याला मोबाईलवर फॉर्म भरता येतो अशा एकाला ही जबाबदारी द्यावी. सगळ्यांची कागदपत्रं स्कॅन करून एका जागी ठेवावीत: आधार, पासबुकाचं पहिलं पान, जन्मदाखला, गुरूचं प्रमाणपत्र, तारीख दिसणारी पाच-सहा हँडबिलं, वर्तमानपत्राची कात्रणं, आणि एका जागी कॅमेरा ठेवून न कापता काढलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ. जत्रेतला मोबाईलवरचा हलता, कर्णा फाटलेला व्हिडिओ पाठवू नये. आषाढात मंदिरात दिवसाउजेडी तालीम लावून तो काढावा, आणि त्याच आठवड्यात गुरूचं प्रमाणपत्रही लिहून घ्यावं, कारण दसरा उलटला की सही घ्यायला गुरू गावात सापडत नाही.